बाळंतिणीच्या पोटाचा पट्टा: माझ्या लेकीला साडेसहा हजारांना कसं गंडवलं

सोलापुरात बाळंतिणी हेरून त्यांना पोटाचे पट्टे विकणारी माणसं फिरताहेत. माझ्या लेकीकडून त्यांनी साडेसहा हजार उकळले, आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे तिचे टाके चिघळले. ज्यांच्या घरी लेक किंवा सून बाळंतपणाला आली आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं म्हणून सविस्तर लिहिते. दवाखान्याचं नाव घेत नाही, विकणाऱ्यांचंही घेत नाही, कारण तक्रार चालू आहे.

लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे रीतीप्रमाणे माहेरी आणलं होतं. बाळ आडवं असल्यामुळे सिझेरियन करावं लागलं. दवाखान्यात असतानाच एक बाई वॉर्डात आल्या. अंगात पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. बाळंतपणानंतरच्या काळजीची सल्लागार आहे म्हणाल्या. लेकीचं नाव, सिझेरियन कधी झालं, मुलगा झाला हे सगळं त्यांना माहीत होतं. त्या दवाखान्यातल्याच असणार असं आम्ही धरून चाललो, कुणीही तसंच धरेल. दूध पुरतंय का विचारलं, पाणी भरपूर पी म्हणाल्या, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि गेल्या. पट्ट्याचा शब्दसुद्धा काढला नाही.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याच्या आधीचे दोन महिने आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. दिवसा घरी लेक, बाळ आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना ऐकू कमी येतं. "आई घरी कधी असतात गं?" असं फोनवर गोड बोलून विचारून घेऊन बाई बरोबर मी नसताना, भर दुपारी आल्या.

लेकीने नंतर जे सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी तिला आरशापुढे उभं केलं, गाऊन वर करायला लावला आणि पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "बघ ताई, स्नायू फाटलेत. आत्ता आवळलं नाहीस तर हे पोट जन्मभर असंच लोंबणार. पिशवी खाली उतरली तर परत ऑपरेशन." रात्र रात्र बाळाला घेऊन बसणारी पोर, टाके ओले, अंगात ताकद नाही, त्यात हे ऐकवायचं! मग मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो. आणि शेवटी, "तुमच्या आजीपण पोट बांधायच्याच की. हे त्याचंच शास्त्रीय रूप आहे."

हे शेवटचं वाक्य त्या फार विचार करून टाकतात. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधायची रीत घरोघर आहे. माझ्या वेळी सासूबाईंनीच जुन्या सुती लुगड्याचा पट्टा गुंडाळला होता. शेक, शेगडी, धुरी आणि मग पट्टा, नाहीतर पोटात वारा शिरतो म्हणायच्या. वारा बिरा काही शिरत नाही, पण कमरेला आधार वाटायचा हे खरं. सुती कापड होतं, सैल व्हायचं, घाम टिपायचं आणि झोपताना सुटायचं. त्या आठवणीवर लोकांचा विश्वास बसलेला असतो. हे विकणारे तोच विश्वास वापरतात.

तर, तीन पट्ट्यांचा संच. एक पोटाचा, एक कमरेचा, एक ओटीपोटाचा. परदेशातून आणलेला, आत चुंबकाच्या चकत्या, त्यांनी मेद वितळतो म्हणे. किंमत साडेनऊ हजार, पण 'आपल्या दवाखान्याच्या' पेशंटला साडेसहा. सहा आठवड्यांत पोट आत गेलं नाही तर पैसे परत. जावई पुण्याला नोकरीला आहेत. लेकीने त्यांना फोन लावला तर बाईंनी तिच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "सर, डॉक्टरांनीच लिहून दिलंय." बायकोच्या तब्येतीचा प्रश्न आणि वर डॉक्टरांचं नाव. जावयांनी तिथल्या तिथे क्यूआर कोडवर पैसे पाठवले.

माप तर घेतलंच नाही. "लग्नाआधी कुठला साइझ घालायचीस?" लेक म्हणाली, एम. "मग एमच. पोटाने पट्ट्याच्या मापाला यायचं." माझी निम्मी हयात टेप गळ्यात अडकवून गेली. अंगाला कापड बेततात, कापडाला अंग बेतत नाहीत. सिझेरियननंतर पोट सुजलेलं असतं, पिशवी अजून मोठी असते. पट्टा आजच्या पोटाचा आणि कुल्ल्यांचा घेर मोजूनच घ्यायचा असतो, लग्नाआधीच्या मापावर कधीच नाही.

अंघोळ सोडून चोवीस तास घालायचा असं बजावून गेल्या. मे महिना, सोलापूर, पारा चाळिशीच्या वर. रबरी अस्तराचा तो पट्टा रात्रीसुद्धा अंगावर. लेकीला जेवण जाईना, घशाशी आंबट येऊ लागलं. बाळाला घ्यायला वाकली की श्वास अपुरा पडायचा. खोकला आला की लघवी थेंबभर सुटायची, ते तर तिने लाजेने मलाही सांगितलं नव्हतं. पोटभर घामोळं. मग एका संध्याकाळी टाक्यावरचं फडकं ओलं निघालं आणि अंग तापलं. तसंच रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडला, टाका बघितला आणि विचारलं, "हा कुणी दिला?" आम्ही म्हटलं, तुमच्या सल्लागार बाईंनी. त्या बघतच राहिल्या. अशी कुणी सल्लागार त्यांच्याकडे नाहीच. वॉर्डातली माहिती कुणी पुरवली ते अजून उघड झालेलं नाही. आता दाराशी बसणाऱ्या माणसाला ताकीद आहे आणि आत येणाऱ्याचं नाव वहीत लिहितात. एवढं तरी झालं.

टाक्याला औषधपाणी झालं, तो भरला. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे बसवून जे समजावलं ते प्रत्येक बाळंतिणीच्या आईला माहीत असायला हवं. गर्भाशय आपलं आपण आकसतं. दहा-बारा दिवसांत ते ओटीपोटाच्या हाडांमागे जातं आणि साधारण सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकाराला येतं. त्याला पट्टा लागत नाही. मेद पट्ट्याने वितळत नाही, चुंबकाने तर नाहीच. मोडलेला हात झोळीत ठेवतात तसा सिझेरियननंतरचा पट्टा: उठताना, चालताना, खोकताना टाक्यांना आधार देतो, दुखणं कमी वाटतं, बाई लवकर हिंडूफिरू लागते. त्याचं काम तेवढंच. नॉर्मल बाळंतपणात तर तो लागतोच असंही नाही.

पोटाचे मधले स्नायू गरोदरपणात बाजूला सरकतात ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि बहुतेक बायकांच्या बाबतीत होते. विकणाऱ्या बाईंनी त्यालाच 'फाटलेत' म्हणून घाबरवलं. ते फाटत नाहीत, दोन्हींच्या मधली पट्टी ताणून रुंद होते. पुष्कळ जणींची फट पहिल्या काही आठवड्यांत आपोआप कमी होते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून किती मावतात ते डॉक्टर बघतात. दोन-अडीच महिन्यांनीही दोनपेक्षा जास्त बोटं मावत असली तर फिजिओथेरपिस्टकडे जायचं. पोटाला आतून ताकद व्यायामानेच येते. फार आवळलं तर पोटातला दाब खाली ओटीपोटावर येतो, आणि बाळंतपणात आधीच ताणलेल्या खालच्या स्नायूंवर भार पडतो. म्हणजे पिशवी खाली उतरेल असं भय घालून ज्या बाईंनी पट्टा विकला, त्यांनीच तो दाब वाढवणारी वस्तू पोरीच्या अंगावर चढवली होती. लघवी सुटण्याचं कारणही बहुतेक तेच, पट्टा सुटल्यावर ते हळूहळू थांबलं.

घरी आल्यावर तिन्ही पट्टे मी मशीनवर घेऊन बसले. शिलाई उसवायला मला डोळे मिटूनही येतं. आत चुंबक म्हणून काळ्या गोल चकत्या निघाल्या, त्यांना टाचणीसुद्धा चिकटेना. नुसतं प्लास्टिक. शिलाई एकेरी, कडेला ओव्हरलॉकही नीट नाही, वेल्क्रोचे दोरे निघालेले. 'आयात' म्हणणाऱ्या वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या देशाची ते नाही. कोपऱ्यातल्या स्टिकरचा एक कोन उचकटला होता. नखाने खरवडला तर खाली छापील किंमत निघाली: 549 रुपये. तीन पट्ट्यांपैकी दोन तर एकाच मापाचे होते, फक्त रंग वेगळे.

छापील किंमत झाकून तिच्यावर जास्त किमतीचं स्टिकर लावणं कायद्यात बसत नाही. कमी किमतीचं लावता येतं, पण तेव्हाही मूळ किंमत झाकायची नसते. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तू बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसहित किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क असायला हवा. हे सगळं पाकिटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत आहे. ते स्टिकर आणि त्या चकत्या मी फेकल्या नाहीत, पिशवीत घालून ठेवल्या आहेत.

पैसे परत मागितले तर आधी, सहा आठवडे पूर्ण करा. मग, वापरलेली वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही. आम्ही पोलिसांचं नाव काढल्यावर सूर बदलला: "रिफंड मंजूर झालाय, कोड पाठवते, स्कॅन करा आणि पिन टाका." जावयांनी मोबाइल हातात घेतलाच होता. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, पैशाच्या बाबतीत चोख. फोनवरूनच ओरडले, "पैसे घ्यायला पिन कशाला लागेल? पिन टाकला की पैसे जातात!" स्क्रीनवर खरोखर चार हजार देण्याची रक्कम दिसत होती. हा दुसरा डाव नीट ध्यानात ठेवा. पहिल्यात फसलेला माणूस पैसे परत मिळतील या आशेने दुसऱ्यात हमखास सापडतो.

बिलावर नवी पेठेतला पत्ता होता. आम्ही दोघं गेलो. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान निघालं. दुकानदार बिचारा म्हणाला, तुमच्याआधीही लोक विचारत आले होते. म्हणजे आम्ही एकटे नाही. जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या घरीही अशाच पांढऱ्या कोटातल्या बाई येऊन गेल्याचं मग कळलं. त्यांच्याकडे तेलुगूत बोलल्या, आमच्याकडे मराठीत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आम्ही तक्रार नोंदवली, तिथे मराठीत बोलता येतं. चार हजारांच्या त्या कोडबद्दल 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं. कुणाचे पैसे खरोखर खात्यातून गेले असतील तर 1930 ला लगेच फोन करा, जितका उशीर तितकं ते पैसे अडवणं अवघड. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि विकणारा कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, पैसे गेल्याचा मेसेज, फोनवरचं सगळं बोलणं, 'पैसे परत'वाला मजकूर, वस्तू आणि तिचं पाकीट, यातलं काही टाकून देऊ नका. डॉक्टरांनी टाक्याबद्दल लिहिलेला कागदही आम्ही जोडला आहे.

डॉक्टरीणबाईंनी पुढे साधा पट्टा लिहून दिला, टाका भरल्यावर वापरायला. मेडिकलमध्ये 480 रुपयांना मिळाला, बिलासकट. दुकानदाराने टेपने माप घेऊन दिला. लेक तो आडवी असताना बांधायची, आतून पातळ सुती बनियन, खालची कड कुल्ल्यांच्या हाडांवर, वेल्क्रो खालून वर लावत. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर तो घट्ट आहे. झोपताना काढायचा, जेवायला बसताना सैल करायचा. थोड्याच दिवसांत तिला त्याची गरज उरली नाही.

लेकीला मी रोज सांगते की यात तिचं काहीच चुकलेलं नाही. ओल्या बाळंतिणीला एकटी गाठून, तिच्याच शरीराची भीती घालून पैसे काढणं हा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्यांना मी सोडणार नाही. तुमच्याकडे कुणी पांढरा कोट घालून पट्टा विकायला आलं तर आधी दवाखान्यात फोन लावून त्या माणसाबद्दल विचारा आणि तो फोन त्यांच्यासमोरच लावा. आणि सोलापुरात तुमच्याही घरी असं घडलं असेल, तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. 1915 वर नोंद करा. आमच्या एका तक्रारीने त्यांचा पत्ता लागलेला नाही, पण त्यांचा नंबर दहा तक्रारींत आला तर तो शोधणं सोपं जाईल.