अंगणवाडी: तीन वर्षांनंतर उत्तम, त्याआधी अपुरी

आमच्या घरातील दोन्ही मुले अंगणवाडीत गेली. थोरली आता शाळेत आहे आणि धाकट्याचे नाव अजून पटावर आहे. खासगी नर्सरी परवडत नव्हती असे नव्हे; अंगणवाडी चालत्या अंतरावर होती, सेविकाताई ओळखीच्या होत्या आणि ज्या सेवेवर सरकार आपल्याच करातून खर्च करते ती वापरून पाहावी, असे वाटले. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी चांगली चालणारी अंगणवाडी बाजारातील कोणत्याही नर्सरीच्या तोडीस तोड आहे, मात्र तीन वर्षांखालील बाळासाठी हीच सेवा फार तोकडी पडते. या तफावतीचे कारण सेविकेच्या आळसात किंवा आईच्या अज्ञानात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते ते पैसा कोठे आणि कशासाठी दिला जातो यात आहे.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे) अशा सहा सेवा तिच्यात मोडतात. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, तिच्यात एक सेविका आणि एक मदतनीस, एवढ्या मनुष्यबळावर या सहाही सेवा चालवायच्या असतात.

आधी चांगल्या बाजूविषयी. आमची अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. खोली लहान आहे, पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते, आणि तरीही सकाळच्या सत्रात तिथे जे चालते ते मी थांबून पाहिले आहे. मुलांच्या पुढ्यात चिंचोके आणि बाटल्यांची झाकणे टाकलेली असतात. ताई मुलांना रंगाप्रमाणे ढीग करायला सांगतात, मग प्रत्येक ढिगातून पाच-पाच वेगळे काढायला लावतात, आणि एखाद्याने सहा काढले तर दुसऱ्या मुलाला ते मोजून बघायला सांगतात. चूक ताई सांगत नाहीत, मुलेच काढतात. राज्याचा ‘आकार’ नावाचा पूर्वप्राथमिक अभ्यासक्रम आणि केंद्राने मे २०२३ मध्ये सुरू केलेला ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम कागदावर जे मागतात, ते याहून फारसे वेगळे नाही. अनेक पालकांची तक्रार असते की इथे मुलांना काही लिहायलाच लावत नाहीत. त्यांनी एकदा तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल कशी धरली जाते ते नीट पाहावे. त्या वयात मणी ओवणे, माती मळणे आणि बडबडगीतावर टाळी धरणे हाच अभ्यास असतो, आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या कित्येक नर्सऱ्यांपेक्षा ही गोष्ट अंगणवाडीला अधिक कळलेली आहे.

गरम ताज्या आहाराबद्दलही तक्रार करण्यासारखे फार नाही. खिचडी, उसळ, लापशी असे आलटून पालटून येते, बचत गटाच्या बाया शिजवून आणतात, आणि घरी मटकीला नाक मुरडणारी आमची थोरली तिथे पंगतीत बसून ती मुकाट्याने खात असे. डाळीचे प्रमाण मात्र महिनाअखेरीस कमी झाल्याचे जाणवते. गटातील बायांना याचा जाब विचारण्याआधी पालकांनी दर जाणून घ्यावा. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलासाठी दिवसाला आठ रुपये हा खर्चाचा निकष २०१७ मध्ये ठरला. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तीव्र कुपोषित बालकासाठी बारा रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये आहेत. या आठ रुपयांतून बालकाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, वर्षातून ३०० दिवस मिळावीत अशी अपेक्षा आहे. अंड्याची किरकोळ किंमत ज्याला ठाऊक आहे त्याने हा हिशेब करून पाहावा. जानेवारी २०२३ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याची दुसरी अनुसूची बदलून आहारातील पोषक घटकांचे मापदंड वाढवण्यात आले, पण दर वाढला नाही. शाळेतील मध्यान्ह भोजनाचा साहित्य खर्च २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा मे २०२५ मध्ये वाढवला गेला, म्हणजे महागाईची जाणीव सरकारला नाही असे म्हणता येत नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आणि अंगणवाडीच्या उंबऱ्यावर अडली.

आदिवासी भागात चित्र निराळे आहे, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. तिथे राज्याने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू करून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देऊ केले आणि पुढे मुलांसाठी अंडी व केळी त्यात आणली. राज्याने मनावर घेतले तर केंद्राच्या निकषापलीकडे पैसा घालता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. बिगर-आदिवासी तालुक्यांतील मुलांच्या बाबतीत हे मनावर कधी घेतले जाणार, एवढाच प्रश्न उरतो.

आता तीन वर्षांखालील बाळांविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे. हे बाळ रोज अंगणवाडीत येत नाही. त्याच्यासाठी घरपोच आहाराचे, म्हणजे टीएचआरचे, पाकीट असते आणि महिन्यातून एकदा वजन असते. लसीकरणाचा दिवस वेगळा. धाकट्याच्या वेळी ती पाकिटे आमच्या घरी येत. पीठ पाण्यात शिजवून दिले की पहिले काही दिवस त्याने खाल्ले, नंतर त्या गोडसर वासानेच तो तोंड फिरवू लागला. शेजारच्या घरी ते सगळ्यांच्या चहासोबत संपत असे, आणि वस्तीच्या टोकाला ते म्हशीच्या आंबोणात जाते हे सर्वांना माहीत आहे. या पाकिटांमागचा इतिहासही काही बरा नाही. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते, आणि तरीही २०१९ मध्ये महाराष्ट्राची घरपोच आहाराची निविदा त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. इतकी वर्षे वाद पुरवठा कोणी करायचा यावर झाला. बाळ ते खाते का, हे विचारायला कोणी घरी आलेले मला आठवत नाही.

मूल खंगायला लागते ते बहुतेकदा सहाव्या महिन्यानंतर, वरचे अन्न सुरू होते तेव्हापासून दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपासपर्यंत. त्या काळात आईला पिठाच्या पाकिटापेक्षा जास्त उपयोग होईल तो अशा बाईचा, जी दर आठवड्याला घरी येऊन वाटीत काय आहे ते पाहील, मऊ भातात तेलाचा चमचा आणि कुस्करलेली डाळ घालायला सांगेल, जुलाब झाल्यावर खाणे बंद करू नका म्हणून दटावेल. गृहभेटी हे सेविकेचे काम आहेच. मात्र सकाळी वर्ग, दुपारी ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाईल ॲपवरील नोंदी, मध्येच सर्वेक्षण आणि मतदार यादी, अशा दिवसात ती भेट कोठे बसवायची हे कोणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. पाचव्या फेरीतही हा आकडा २५.६ टक्केच राहिला. वयाच्या मानाने खुज्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले. एवढ्या वर्षांत इतकी पाकिटे वाटली गेल्यावर हा आकडा तसूभरही हलत नसेल, तर वाटपाच्या पद्धतीवर शंका घेण्याला पुरेसे कारण आहे.

जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आईचा चेहरा नोंदवायचा, पाकीट घेताना पुन्हा जुळवायचा. गळती थांबवण्याचा हेतू चांगला आहे, परंतु आमच्या अंगणवाडीच्या दारात जे दिसले ते असे: आई कामावर गेलेली, बाळाला काखेत घेऊन आजी आलेली, आणि ताईंच्या हातातील मोबाईल आजीचा चेहरा स्वीकारत नाही. ताईंनी आजीला चार शब्द समजुतीचे सांगून परत पाठवले आणि मग बराच वेळ नेटवर्कची वाट पाहत त्या दारातच उभ्या राहिल्या. त्या वेळात आत मदतनीस एकटीच मुले सांभाळत होती. जिथे पाकीट चोरीला जाते तिथे ही तपासणी हवी. जिथे ते बाळाच्या पोटातच जात नाही तिथे आईचा चेहरा जुळून काय साधणार, हे मला अद्याप उमगलेले नाही.

सेवेचा दर्जा अखेर सेविकेवर ठरतो, म्हणून तिच्या मोबदल्याविषयी लिहिणे भाग आहे. तिला वेतन नसते, मानधन असते. केंद्राने ठरवून दिलेले मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाले, आणि त्यातही राज्याचा वाटा असतो. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेविका संपावर गेल्या. तो संप ५२ दिवस चालला. त्या काळात अंगणवाड्यांना कुलुपे होती आणि आम्ही पालक वैतागलो होतो, हे खरे. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिल्यानंतरही ज्यांना मानधनाच्या वाढीसाठी रस्त्यावर बसावे लागते, त्यांच्यावर वैतागून फारसे काही हाती लागत नाही. पुढे मानधनात आणखी वाढ झाली, मात्र कामही वाढले. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्यात याच सेविका गुंतल्या होत्या. त्या एका योजनेसाठी राज्याने वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली होती, तर अंगणवाड्यांचा खर्च ज्यातून होतो त्या ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या मोहिमेसाठी केंद्राने त्या वर्षी संपूर्ण देशाकरिता ठेवले होते २१,२०० कोटी. आईच्या हाती पैसा जाणे वाईट नाही, त्यातला काही मुलांच्या ताटातही येत असेल. परंतु ज्या बाईने वस्तीतील प्रत्येकीचा अर्ज भरून दिला तिच्याच अंगणवाडीतील डाळीसाठी हात आखडता घेतला जातो, तेव्हा पैसा नाही हे कारण पटत नाही. या मोहिमेसाठी केंद्राची तरतूद २०२३-२४ मध्ये २०,५५४ कोटी होती आणि २०२५-२६ मध्ये २१,९६० कोटी झाली. दोन वर्षांत सात टक्क्यांहूनही कमी वाढ म्हणजे महागाई वजा जाता कपातच.

इमारतींवर मात्र खर्च दिसतो. निवडक अंगणवाड्या ‘सक्षम’ करण्यासाठी एलईडी पडदा, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, परसबाग आणि भिंतीवरची चित्रे मिळतात. शेजारच्या गावातील अशी एक अंगणवाडी मी पाहिली. भिंती देखण्या आहेत, वजनकाटा मात्र बिघडलेला होता. किशोरवयीन मुलींची योजना तर आता १४ ते १८ वयोगटापुरती आणि ईशान्येकडील राज्ये सोडता आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपुरतीच राहिली आहे; महाराष्ट्रात ते जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बाकीच्या जिल्ह्यांतील मुलींसाठी अंगणवाडीत या योजनेचे काही नाही.

नाव घालू इच्छिणाऱ्या पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. शुल्क काहीही नसते आणि जूनची वाट पाहावी लागत नाही. नोंदणी गरोदरपणातच करावी, बाळाचे आधार नसले तरी आईच्या आधारावर काम होते. अंगणवाडी पारखायची असेल तर भिंतींकडे पाहू नका, वजनाच्या दिवशी जा. बाळाचे स्वेटर-टोपडे काढून वजन घेतात का, काटा आधी शून्यावर आणतात का, उंची मोजताना टाचा टेकवतात का, आणि तो बिंदू माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात तुमच्यासमोर मांडून हिरव्या पट्ट्यात आहे की पिवळ्या, हे तुम्हाला समजावतात का, एवढे पाहिले की पुरे. आमच्या ताई हे सगळे करतात, म्हणून थोरलीनंतर धाकट्यालाही तिथेच ठेवले. तीन वर्षांखालील बाळासाठी मात्र पाकिटावर विसंबू नये. ताईंना गाठून पुढची गृहभेट कधी ते विचारावे, आणि त्या आल्या की घरात शिजलेली वाटी त्यांच्यापुढे ठेवावी.