अ‍ॅनिलिस्ट: स्कोअर झाका, स्टाफ उघडा

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर तीन महिन्यांनी नव्या जपानी अॅनिमेशन मालिकांचा, म्हणजे अ‍ॅनिमेचा लोंढा येतो आणि मुरलेला प्रेक्षक ‘आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही’ म्हणत पुन्हा जुनंच लावतो. या लोंढ्यातून आपल्यापुरतं वेचायला अ‍ॅनिलिस्ट ही मालिकांची माहिती देणारी आणि आपली यादी ठेवू देणारी फुकट वेबसाइट उत्तम आहे. फक्त तिथे ठळक दिसणारा टक्क्यांतला स्कोअर निवडीच्या फारसा कामाचा नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या सीझनची नोंद इथे वेगळी असते. पहिला सीझन ज्यांना रुचला नाही ते पुढे फिरकतच नाहीत, मार्क देतात ते उरलेले भक्त. त्यामुळे सीक्वेलचा स्कोअर फुगतो आणि शेजारची नवीकोरी मालिका उगाच लंगडी दिसते.

खरा माल ‘स्टाफ’ टॅबमध्ये, म्हणजे मालिका बनवणाऱ्यांच्या नावांत आहे. ‘वन पंच मॅन’चंच घ्या. पहिला सीझन (२०१५) मॅडहाउस या स्टुडिओचा, दिग्दर्शक शिंगो नात्सुमे. दुसरा (२०१९) जे. सी. स्टाफचा, दिग्दर्शक चिकारा साकुराई. नाव तेच, हात वेगळे, आणि मारामारी सुरू झाली की ते लगेच डोळ्यांत येतं. उलट ‘फ्रीरेन’च्या (२०२३) पानावर दिग्दर्शक केइइचिरो साइतो या नावावर टिचकी मारा, ‘बोच्ची द रॉक!’ (२०२२) निघेल. स्टुडिओ दुसरा, विषय गिटार वाजवणाऱ्या बुजऱ्या मुलीचा. पण बारीकसारीक हालचालींतून माणूस उभा करण्याची हातोटी तीच. स्टुडिओच्या नावावर भाळण्याची जुनी खोड इथे सुटते.

वापरायचं असं: ‘ब्राउझ’मध्ये सीझन (इथे तीन महिन्यांचा हंगाम) आणि वर्ष निवडा, फॉरमॅट ‘टीव्ही’ ठेवा. सीक्वेल बाजूला काढा. उरलेल्यांतून सहा-सात ‘प्लॅनिंग’मध्ये, म्हणजे पुढे बघायच्या यादीत टाका, त्याहून जास्त नकोत, नाहीतर ती यादी म्हणजे माळ्यावरची अडगळ होते. मायअ‍ॅनिमेलिस्ट या अशाच दुसऱ्या साइटवर जुनी यादी असेल तर ती तिथून एक्स्पोर्ट करून इथे सेटिंग्जमधून इम्पोर्ट होते. उतरलेली फाइल जीझेड, म्हणजे दाबून लहान केलेली असते. ती आधी उलगडा आणि आतली एक्सएमएल द्या.

तीन भाग बघून ठरवायचं हा नियम बरा आहे, पण त्याचं वजन आता बदललंय. ‘नारुतो’च्या २२० भागांत तीन म्हणजे नुसती तोंडओळख. बारा भागांच्या मालिकेत तीन म्हणजे चौथा हिस्सा, जेमतेम सव्वा तास. तेवढ्यात मन लागलं नाही तर खुशाल ‘ड्रॉप्ड’ करा आणि कारण ‘नोट्स’मध्ये एका ओळीत लिहून ठेवा. मात्र पहिल्या भागाच्या देखणेपणावर हुरळून जाऊ नका. त्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा कच्चा चित्र-आराखडा, बऱ्याचदा दिग्दर्शक स्वतः करतो. वेळापत्रक कोलमडलं असेल तर ते साधारण पाचव्या-सहाव्या भागात चेहऱ्यांच्या रेखाटनावर दिसायला लागतं.

एक गोष्ट मात्र वैताग देते. पुढच्या भागाची उलटी गणती जपानमधल्या प्रक्षेपणाची असते, सबटायटलसह भाग आपल्याकडे येण्याची नव्हे. जपानी वेळापत्रकात ‘शुक्रवार २५:३०’ लिहिलं असेल तर ते शनिवारी पहाटे दीड, म्हणजे भारतात शुक्रवारी रात्री दहा. गणती शून्यावर आली तरी भाग दिसेलच असं नाही, आणि कमेंट मात्र तोवर सुरू झालेल्या असतात. तेव्हा भाग बघून होईपर्यंत साइटवरच्या चर्चेकडे फिरकू नका.