आयआरएफ ३२०५ : ८ मिलीओहमची किंमत

आयआरएफ ३२०५ हा ५५ व्होल्टचा मॉसफेट (विद्युत स्विच म्हणून वापरला जाणारा ट्रान्झिस्टर) बहुतेक जण चालू स्थितीतील ८ मिलीओहम या कमाल रोधाकडे पाहूनच निवडतात. (माहितीपत्रकातला ११० अँपिअर प्रवाहाचा ठळक आकडा सिलिकॉनपुरता आहे, आवरणाची मर्यादा ७५ अँपिअरच आहे.) इतका कमी रोध मिळवण्यासाठी चिप मोठी करावी लागते आणि चिपबरोबर तिची धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, हे मात्र निवडताना विसरले जाते.

तुलनेसाठी आयआरएफझेड ४४ एन घेऊ. त्याचा रोध १७.५ मिलीओहम आहे, पण पूर्ण गेट चार्ज (मॉसफेट चालू करण्यासाठी गेट या नियंत्रक टोकात भरावा लागणारा विद्युतभार) कमाल ६३ नॅनोकूलॉम आहे. ३२०५ चा तोच आकडा १४६ आहे. त्याहून महत्त्वाचा आहे गेट आणि ड्रेन (मुख्य प्रवाह आत येतो ते टोक) यांमधला, म्हणजे मिलर धारितेचा चार्ज, जो अनुक्रमे २३ आणि ५४ नॅनोकूलॉम आहे. हा चार्ज भरेपर्यंत ड्रेनचे व्होल्टेज उतरत असते आणि प्रवाहही वाहत असतो, त्यामुळे खरी उष्णता याच काळात निर्माण होते.

२४ व्होल्ट, ५ अँपिअर, १ अँपिअरचा गेट ड्रायव्हर (गेटला चार्ज पुरवणारे सर्किट) आणि जवळजवळ पूर्ण वेळ वहन असे धरून केलेला ढोबळ हिशेब असा येतो: १०० किलोहर्ट्झवर ३२०५ चा वहनातील (चालू असताना रोधामुळे होणारा) ऱ्हास ०.२ वॅट, तर स्विचिंगचा (चालू-बंद होताना होणारा) ऱ्हास सुमारे ०.६५ वॅट, ४४ एनचे हेच आकडे ०.४४ आणि ०.२८ वॅट. म्हणजे रोध दुप्पट असूनही ४४ एनच थंड राहतो. गेट भरण्याचा खर्च (१० व्होल्टवर ०.१५ विरुद्ध ०.०६ वॅट) वेगळा, तो बहुतांशी ड्रायव्हरमध्ये आणि गेटच्या रोधकात जातो. आउटपुट धारितेचा वाटा २४ व्होल्टला किरकोळ असतो, पण तो व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो.

वारंवारता २० किलोहर्ट्झवर आणली की स्विचिंगचा ऱ्हास एक-पंचमांश होतो आणि ३२०५ पुढे जातो. प्रवाह २० अँपिअर केला, तर १०० किलोहर्ट्झवरही तोच सरस ठरतो, कारण वहनातील ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि स्विचिंगचा केवळ प्रमाणात.

म्हणून मोटर नियंत्रणासाठी आणि मोठ्या प्रवाहासाठी मी ३२०५ ची नि:संकोच शिफारस करतो. कमी प्रवाहाच्या, वेगवान कन्व्हर्टरसाठी नाही. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून तो थेट चालवू नये: २० मिलीअँपिअरने केवळ मिलर चार्ज भरायला २.७ मायक्रोसेकंद लागतात, आणि १०० किलोहर्ट्झचे संपूर्ण आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचे असते.