टोकियो की ओसाका? पंधरा दिवस राहायचं असेल तर

जपानमध्ये नुसतं फिरण्याऐवजी दहा-पंधरा दिवस एकाच शहरात खोली घेऊन राहायचं ठरवलंत, की निवड बहुधा या दोन शहरांत करावी लागते. देवळं, बागा, उंच मनोरे यांवरून ती करू नका. ते दोन्हीकडे भरपूर आहे आणि नोझोमी शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे अडीच तासांत एका शहरातून दुसऱ्यात पोहोचवते. राखीव तिकीट साधारण १४,७०० येन. निवड ताटावरून करा. शाकाहारी असाल तर टोकियो, मासे-मांस चालत असेल तर ओसाका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शाकाहारी माणूस जपानमध्ये अडतो तो मांसापेक्षा दाशी या पातळ मूळ रश्शामुळे. कोंबू ही समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप, यांपासून बहुधा ही दाशी काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात ती असते. 'मांस नको' म्हटलं की मांस निघतं, दाशी राहते. ओसाकाची ओळख असलेले पदार्थ इथेच अडचणीचे ठरतात. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं; शेवटी त्यावर कात्सुओबुशी भुरभुरतात आणि वाफेने ते काप हलत राहतात. ते 'घालू नका' असं सांगता येतं, पण पीठ आधीच दाशीत कालवलेलं असतं. ताकोयाकीत तर ऑक्टोपसच असतो. कुशिकात्सु म्हणजे काडीला लावून तळलेले तुकडे; त्याच्या दुकानात कमळकाकडी, बटाटा, कांदा तळून मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका: कढई एकच, आणि तळण बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीतलं. उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, सुरक्षित वाटते, तिच्यातही कधीकधी माशाचा अर्क असतो. वेष्टनावरची यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

टोकियोतही दाशी टळत नाही, पण पर्याय हाताशी असतात. एदोगावा प्रभागातलं निशी-कासाई हे भारतीयांचं जुनं ठिकाण. तूरडाळ, कणीक, मसाले तिथल्या दुकानांत मिळतात. मराठी माणसाला हा भाग आणखी एका कारणाने माहीत असतो: योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभागृहात निवडून आले. टोकियो स्थानकाच्या फाटकाआत 'टीज् तानतान' या उपाहारगृहाचं रामेन (रश्शातले नूडल्स) पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. ओसाकाहून भारतीय वाणसामान हवं तर कोबे गाठणं बरं. जेआर या रेल्वेच्या जलद गाडीने सान्नोमिया वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि तिथे कितानो भागात जैन मंदिरही आहे. अधूनमधून जायला ठीक, रोजच्या स्वयंपाकासाठी नाही.

मासे खाणाऱ्यांना मात्र ओसाका सुखाचं आहे. बांगड्याच्या कुळातला साबा, मीठ लावून भाजलेला, सोबत भात, सूप आणि लोणचं असं ताट हजार येनच्या आसपास मिळतं. ते टोकियोतही मिळतं, पण ओसाकात खोली स्वस्त पडते आणि अंतरं कमी असतात. कुरोमोन बाजार आता पर्यटकांच्या भावाने चालतो. रोजच्या खरेदीला तेन्जिनबाशिसुजी ही सुमारे २.६ किलोमीटरची छपराखालची बाजारपेठ बरी. दोन्ही शहरांत सुपरमार्केट बंद व्हायच्या आधी तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते. निम्म्या किमतीचे डबे पटकन संपतात.

प्रवासाच्या बाबतीत टोकियो थकवतं. तिथे भुयारी रेल्वेच्या दोन वेगळ्या संस्था आहेत, टोकियो मेट्रोचे ९ मार्ग आणि तोएईचे ४. एकीतून दुसरीत गेलं की भाडं नव्याने सुरू होतं, फक्त ७० येनची सूट मिळते. म्हणून नकाशा दाखवेल तो सर्वांत जलद मार्ग स्वस्त असेलच असं नाही. निशी-कासाईत राहायचं तर तोझाई मार्ग वापरावा लागतो आणि सकाळी साडेसात ते नऊ शहराकडे जाणाऱ्या गाड्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. विमानतळाची मोठी बॅग घेऊन त्या वेळी अजिबात निघू नका.

ओसाकात लाल रंगाची मिदोसुजी ही एकच रेषा शिन-ओसाका, उमेदा, शिन्साईबाशी, नाम्बा, तेन्नोजी यांना सरळ जोडते. खोली तिच्या जवळ घेतली की निम्मं काम झालं. गोंधळ होतो तो उमेदात. ओसाका, उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा, ओसाका-उमेदा ही सगळी वेगवेगळी स्थानकं, तीही चालत जाण्याच्या अंतरावर. यांतल्या मेट्रोच्या उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा या तीन स्थानकांत गाडी बदलताना फाटकाबाहेर यावं लागतं. ३० मिनिटांत पुन्हा आत गेलात तर प्रवास एकच धरला जातो. मध्ये जेवायला बसलात तर भाडं नव्याने लागतं.

रेल्वे-मेट्रोच्या भाड्यासाठी पैसे भरून ठेवायचं कार्ड एकच घ्या, टोकियोचं सुइका किंवा ओसाकाचं इकोका. सुइका ओसाकात चालतं, इकोका टोकियोत. ५०० येनची अनामत मात्र ज्या भागातलं कार्ड त्याच भागात परत मिळते. आयफोनवर सुइका भरता येतं. भारतात विकत घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर सहसा नाही, तेव्हा प्लास्टिकचं कार्ड घ्यावं लागतं.

खोलीतल्या स्वयंपाकाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. जपानची वीज १०० व्होल्टची. भारतातली १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम २८० वॉट देते, कारण व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की शक्ती पाचव्या हिश्श्यावर येते. चार मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी वीस मिनिटांहून जास्त वेळ घेतं. पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचे असल्याने चालतात, पण किटली, कुकर, इस्त्री घरीच ठेवा. आणि तिथला १०० व्होल्टचा राइस कुकर आवडला तरी आणू नका, आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. महिलांचा डबा टोकियोत बहुतेक फक्त सकाळच्या गर्दीपुरता असतो, ओसाकाच्या लूप लाइन या वर्तुळाकार रेल्वेमार्गावर दिवसभर. एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईला हा फरक महत्त्वाचा वाटू शकतो. शेवटची गाडी दोन्हीकडे मध्यरात्रीच्या सुमारास, पहिली पहाटे पाचला. मधल्या वेळेत टॅक्सीशिवाय इलाज नाही आणि ती महाग आहे. ओसाका शहरात २७ जानेवारी २०२५ पासून रस्त्यावर सिगारेट ओढल्यास १,००० येन दंड होतो. टोकियोत नियम प्रभागागणिक बदलतो.

दोन्ही शहरांत राहणार असाल तर मोठी बॅग शिंकान्सेनमध्ये नेण्याआधी मोजा. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तिच्यासाठीची खास जागा आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १,००० येन जादा द्यावे लागतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने पाठवा. बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवा.