तालुक्याच्या रुग्णालयातील अपघात विभाग : सर्पदंशाच्या एका दिवसाचा अनुभव

श्रावणात पऱ्हाटीचे निंदण सुरू असताना माझ्या काकांना धुऱ्यावर घोणस चावली आणि त्यानिमित्ताने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग मला दुसऱ्या दिवसापर्यंत जवळून पाहता आला. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याविषयी माझी तक्रार आहे, त्याच लोकांनी काकांचा जीव वाचवला.

आम्ही दुपारी सव्वादोनला पोहोचलो, तेव्हा केस पेपरच्या रांगेत कोणी उभे केले नाही. गावात पायाला करकचून बांधलेली दोरी त्यांनी घाईने कापली नाही. आधी सलाईन लावले, औषध हाताशी घेतले आणि मगच ती सैल केली. ब्रदरांनी २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवले. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी का चालत नाही, हे त्यांनी शिकाऊ मुलीला त्या गडबडीतही समजावून सांगितले. नळी तिरपी करताच रक्त पाण्यासारखे वाहिले, म्हणजे विषामुळे ते गोठत नव्हते, आणि प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या तासाभरात देण्याचे ठरले.

या विभागाचे मला सर्वांत आवडलेले दृश्य त्यानंतरचे आहे. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली मात्रा सिस्टरांनी मोठ्याने परत म्हणून दाखवली, कुप्यांवरची मुदत वाचली आणि रिअॅक्शन आल्यास लागणारे अॅड्रेनालिन आधीच भरून, नाव लिहून ठेवले. शिकाऊ मुलगी कुपी जोरात हलवू लागली, तेव्हा फेस होऊ नये म्हणून ती हळूहळू गोल फिरवायची असते, असे सांगून सिस्टरांनी तिला थांबवले. मुलीने निमूट ऐकले, आणि कोणीही तिचा पाणउतारा केला नाही.

रात्री आठला मात्र पाळी बदलली आणि चित्रही बदलले. सहा तासांनी म्हणजे नवाच्या सुमारास रक्ताची तीच तपासणी पुन्हा व्हायची होती, पण केस पेपरवर तशी नोंद नव्हती आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना काय सांगितले, हे शेवटपर्यंत कळले नाही. मी साडेनवाला आठवण केली, तेव्हा नव्या पाळीतील एक जण म्हणाले, "काऊन घाई करता, पाहून राहिलो ना आम्ही." तपासणी दहाला झाली, रक्त गोठत होते, त्यामुळे उशिराने नुकसान झाले नाही. परंतु नुकसान न झालेली चूक कोणी वहीत लिहीत नाही, असे सकाळी विचारल्यावर समजले. लिहिली तर नोटीस येते, अशी भीती त्यामागे असल्याचे एका सिस्टरांनी हळू आवाजात सांगितले. दारावर १७ सप्टेंबरच्या रुग्णसुरक्षा दिनाचे भित्तिपत्रक होते, अर्धे कपाटामागे गेलेले.

सर्पदंशासाठी या विभागात मी पुन्हा जाईन, खासगीत जाण्याआधी. फक्त रात्री आठच्या सुमारास घरचा एक माणूस खाटेजवळून हलू देऊ नये, आणि पुढची तपासणी किती वाजता आहे, हे पाळी संपण्याआधीच केस पेपरवर लिहून घ्यावे.