क्लिपची मॅक्रो लेन्स : सापसुरळी ओळखण्यास उपयुक्त, पण उन्हात गैरसोयीची

यवतमाळकडच्या आमच्या शिवारात धुऱ्यावरचा दगड उचलला की आखूड पायांची सापसुरळी हमखास दिसते, आणि तिची नीट ओळख पटावी म्हणूनच मी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारी ही लेन्स मागवली. तिने दाखवलेला तपशील खरोखर समाधान देणारा आहे: पाठीवरचे गुळगुळीत, चकचकीत खवले, इवल्याशा पायांवरची पाच-पाच बोटे, आणि खालच्या पापणीतील पारदर्शक खिडकी, जिच्यामुळे डोळा मिटूनही या प्राण्याला दिसते. अंगणातल्या मोठ्या सापसुरळीच्या खवल्यांवर मात्र उभे कंगोरे उमटतात, तेव्हा ती युट्रोपिस या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील, असल्याचे चटकन कळते.

आखूड पायांचा हा गट दीर्घकाळ लायगोसोमा या प्रजातीत गणला जात होता. बाह्य रूपातील साम्य फसवे ठरू शकते, हे जनुकीय अभ्यासाने दाखवले. त्यामुळे २०१९ मध्ये त्याची फोड झाली आणि भारतातील बऱ्याच जातींना ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३९ मध्ये दिलेले रिओपा हे नाव पुन्हा लाभले. असा निवाडा लेन्सने होत नाही. ती फक्त निरीक्षण पक्के करते.

दोन-तीन सेंटिमीटरवरूनच चित्र स्पष्ट येत असल्याने पळता प्राणी टिपणे अवघड जाते, शिवाय भर उन्हात चिमटा सैल होतो. तरीही, सापसुरळीला विषारी समजून मारणाऱ्या मुलांना तिचे खवले दाखवता आले, म्हणून मी ही लेन्स घेण्याची शिफारस करतो.