जुनी मसल कार विकताय? इंजिनचा नंबर आधी स्वतः शोधा

अमेरिकेत ज्यांच्या घरी वडिलांच्या काळातली एखादी जुनी गाडी गॅरेजमध्ये कव्हरखाली पडून आहे त्यांनी हे जरूर वाचा. आमची गाडी फसवून स्वस्तात नेली तशीच आणखी दोघांची गेल्याचं मला नंतर कळलं, म्हणजे ही ठरलेली पद्धत दिसते.

गाडी १९६९ ची डॉज चार्जर आर-टी, म्हणजे त्या काळातली दणकट इंजिनची 'मसल कार'. बाबा सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला नोकरीला आले, ऑफिसातल्या एका गोऱ्याकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि नंतर कोणाला हात लावू दिला नाही. रंग मूळचा गडद हिरवा, डिकीवरचा पट्टा अर्धा उडालेला, मागच्या चाकांच्या वर गंज, सीट फाटलेली. पण बदललेलं काहीच नाही, आणि हल्ली शौकीन लोक अशाच गाडीच्या मागे असतात, कारण रंगवून चकचकीत केलेली गाडी परत मूळची करता येत नाही. व्हिन, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर, एक्सएस२९एल ने सुरू होतो, त्यातला एल म्हणजे ४४० मॅग्नम इंजिन, ३७५ हॉर्सपॉवर. बाबा गेल्यावर आई कॉन्डोत जायला निघाली, तिथे गॅरेज नाही, म्हणून विकायला काढली, ५२ हजार डॉलर सांगितले.

सगळ्यात आधी ज्याचा फोन आला तो अगदी गोड बोलणारा. सोबत एक 'एक्स्पर्ट' घेऊन आला, साठीचा माणूस, हातात टॉर्च आणि छोटा आरसा. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनच्या वर पुढच्या बाजूला एक चपटी जागा असते ती चिंधीने पुसली आणि मला बोलावून दाखवली. तिथे ई ४४०, खाली तारीख आणि एचपी एवढंच ठोकलेलं. मग मला डॅशबोर्डवरचा व्हिन वाचायला लावला आणि म्हणाला, बघा, हा नंबर इंजिनवर कुठेच नाही, म्हणजे ब्लॉक (इंजिनचं मुख्य धड) बदललेला आहे, तुमच्या वडिलांनी घेण्याआधीच बदलला असणार. इतक्या हळहळीने बोलला की आईच त्याला म्हणाली, अहो जाऊ द्या, चहा घेता का.

आता खरी गोष्ट ऐका. त्या वरच्या जागेवर व्हिन नसतोच! तिथे फक्त इंजिनचं वर्ष, साइज आणि जोडणीची तारीख. व्हिनचा भाग डॉजची मालक कंपनी क्रायसलरने १९६८ पासून ब्लॉकवर ठोकायला सुरुवात केली आणि तो असतो खाली, पॅसेंजरच्या बाजूला ऑइल पॅनच्या (इंजिनच्या तळाशी तेलाचं भांडं असतं त्याच्या) कडेशी, जिथे पन्नास वर्षांचं ग्रीस साचलेलं असतं आणि गाडी वर उचलल्याशिवाय दिसत नाही. हे त्या माणसाला माहीत नसेल? शक्यच नाही. आरसा उगाच आणला होता का.

मग तो एक्स्पर्ट गाडीच्या मागच्या भागाकडे गेला. उंदरांनी घर केलंय का बघतो म्हणून मागची सीट काढली, स्प्रिंगांमध्ये हात घातला, पिवळा पडलेला घडी केलेला कागद बाहेर काढला, कोपरा कुरतडलेला, आणि 'कचरा' म्हणत पँटच्या मागच्या खिशात कोंबला. तो कागद म्हणजे ब्रॉडकास्ट शीट. डॉजच्या हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर कुठल्या गाडीला काय बसवायचं ते त्यावर छापलेलं असायचं आणि कामगार तो बरेचदा सीटमध्येच टाकून द्यायचे. गाडी अस्सल आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

इंजिन बदललेलं म्हणून ५२ चे २७ हजार झाले. पैसे मात्र खरे दिले हां, आपण सगळे खोट्या कॅशिअर्स चेकला घाबरतो (हा बँकेने स्वतः काढून दिलेला चेक; खोटा असला तरी बँक दुसऱ्या दिवशी पैसे दाखवते आणि नंतर चेक परत आला की वसूल करते) म्हणून मी त्याच्याच बँकेत जाऊन समोर चेक बनवून घेतला, आणि तिथेच मन निवांत झालं. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तो म्हणाला फक्त सही करा, खरेदीदाराचं नाव माझा पार्टनर घालेल, आणि आम्ही तशीच सही करून दिली. ही 'ओपन टायटल'ची भानगड बेकायदेशीर आहे. मिशिगनमध्ये खरेदीदाराला घेऊन सरळ सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (तिथलं आरटीओच) जायचं, तिथेच नावावर करून द्यायची.

काही महिन्यांनी ओहायोतून गाडीच्या नव्या मालकाचा मेल आला. ग्लव्ह बॉक्समध्ये बाबांच्या नावाचं जुनं रजिस्ट्रेशन सापडलं, गाडीचा इतिहास सांगाल का, असं अगदी आदराने विचारलं होतं. सोबत जाहिरातीचे फोटो. ऑइल पॅनजवळचा साफ केलेला नंबर, डॅशवरच्या व्हिनशी तंतोतंत जुळणारा, आणि शेजारी तो कुरतडलेल्या कोपऱ्याचा कागद, प्लास्टिकमध्ये घालून. त्याने ८१ हजार मोजले होते.

पोलीस म्हणाले हे सिव्हिल प्रकरण, वकील करा. वकील म्हणाला टायटलवर मधल्या माणसाचं नावच नाही, कागदोपत्री गाडी तुमच्याकडून थेट ओहायोला गेली, नोटीस पाठवायची कोणाला? नशीब त्या चेकची झेरॉक्स माझ्याकडे आहे आणि त्यावर पैसे देणाऱ्याचं नाव आहे, आता त्यावरून काय होतं ते बघतोय. ज्यांची गाडी अजून घरातच आहे त्यांनी जाहिरात टाकायच्या आधी एखाद्या गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवा, नंबर पुसून फोटो काढा, आणि सीटखाली हात स्वतः घाला.